ड्रिफ्टवुडवर उड्या मारणारे पांढरे किडे, लाकूड फेकून द्यावं का?

घोडबंदर_दोनफुटी
माशांचा टँक ६० × ३० × ३० सेंमी. १० निऑन टेट्रा मासे, वीसेक चेरी झिंगे. ड्रिफ्टवुडचं टोक पाण्याबाहेर चार इंच येतं, त्यावर जावा मॉस (टँकमध्ये वाढणारं शेवाळं) बांधलंय. पाऊस लागल्यापासून त्या टोकावर जेमतेम १-२ मिमीचे पांढरे किडे आहेत. बोट लावलं की टुणकन उडतात, पाण्यावर पडले तरी बुडत नाहीत. काचेचं झाकण लावलं, तर उलट वाढलेच. शिवाय दुसरं कोरडं लाकूड कपाटावर ठेवलंय, त्याखाली पिठासारखा भुगा पडतो. कीड एकच का? झुरळांचा फवारा लाकडावर हलकासा मारला तर?

झिंगेवाली_नेरुळ
फवारा टँकच्या खोलीतसुद्धा नको. त्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असतं. माशांना ते घातक आहेच, आणि झिंगे कीटकांच्या जवळचे नातलग, त्यामुळे आधी तेच जातात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो हे लोक विसरतात. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा पालिकेची धूरफवारणी आली की खिडक्या बंद, टँकवर ओली चादर, एअर पंप बंद. फिल्टर मात्र चालू ठेवा, नाहीतर ऑक्सिजन कमी पडेल.

उडणारे ते स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला काटा झटकून उडतात. अंगाला पाणी चिकटत नाही, म्हणून तरंगतात. बुरशी आणि कुजकट खातात, माशांना काहीच करत नाहीत. पाण्यावर पडले तर टेट्रा गट्टम करतील. लाकूड काढून तासभर उकळा, विषय संपला.

मॉस_आणि_माती
उकळलं तर मॉस शिजेल की ताई! स्प्रिंगटेलसाठी एवढं कशाला? पाणी बदलताना निघालेलं टँकचंच पाणी टबात घ्या, म्हणजे क्लोरीनचा प्रश्न नाही. मॉसमधले झिंगे आधी टँकमध्ये झटका. लाकूड आडवं बुडवून वर दगड ठेवा, २४ तास. भेगांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि किडे त्यातच तग धरतात, म्हणून दोन-तीनदा लाकूड फिरवा. वर तरंगतील ते टिश्यूने टिपून घ्या. अंडी उरतातच, तेव्हा आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

मूळ दोष झाकणाचा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा आधीच दमट, त्यात वाफ कोंडली की लाकडाच्या टोकाला बुरशी येते, म्हणजे यांची पंगतच. काचेऐवजी चौकटीवर मच्छरजाळी ताणून लावा. निऑन बाहेर उडणार नाहीत, डास आत येणार नाहीत. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच टाका, लाकडावर चिकटलेले फ्लेक्स पुसून घ्या.

मॉस नसलेल्या भागावर बुरशी असेल तर टँकबाहेर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, दहा मिनिटांनी धुवा. केमिस्टकडची बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते, तेवढंच पाणी मिसळा.

झिंगेवाली_नेरुळ
मॉसचं वाचलंच नव्हतं, मान्य. पण कपाटावरचं लाकूड गंभीर आहे. ती वेगळी कीड, लाकूड पोखरणारा भुंगेरा. १-२ मिमीची गोल भोकं दिसतील. नुसती भोकं जुनी असू शकतात, म्हणून लाकूड झटकून रात्रभर काळ्या कागदावर ठेवा. सकाळी ताजा भुगा दिसला तर आत अळी जिवंत आहे, आणि पुढचा नंबर तुमच्या कपाटाचा. आत्ताच तिथून हलवा. हे मात्र उकळाच.

घोडबंदर_दोनफुटी
ते ४५ सेंमी लांब आहे, टोपात मावत नाही. वरून उकळतं पाणी ओतलं तर?

मॉस_आणि_माती
ओतून फक्त साल तापते, अळी आत असते. अर्धं-अर्धं उकळा: एक टोक तासभर, मग उलटून दुसरं, मधला भाग दोन्ही वेळा पाण्यात यायला हवा. प्रेशर कुकर नको, सालीचे तुकडे शिट्टीत अडकतात. ओव्हनही नको, लाकूड पेटतं. फ्रीझरमध्ये मावत असेल तर प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवलं तरी चालेल.

उकळलेलं लाकूड पूर्ण गार करूनच टँकमध्ये टाका. पुढचे दोनेक आठवडे त्यावर पांढरा बुळबुळीत थर येईल, तो किडा नाही, झिंगे खाऊन टाकतात. आणि लाकडातून सुटणाऱ्या टॅनिनने टोप तपकिरी होतो, तो परत आमटीला काढायचा नाही असं घरात आधीच सांगून ठेवा.