बॅश स्क्रिप्ट: फाइल नसताना ‘आहे’ का म्हणते?

प्रश्न: बॅश (कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे शेल) मध्ये फाइल आहे का ते तपासायला चौकटी कंसात मायनस एफ आणि पुढे फाइलच्या नावाचं व्हेरिएबल दिलंय. नाव ‘मे अहवाल’ असलं की ‘बायनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ अशी एरर येते. व्हेरिएबल रिकामं असेल तर उलट फाइल सापडली समजून स्क्रिप्ट पुढे पळते!

उत्तर १: दोन्हीचं मूळ एकच, व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण नाही. स्पेसमुळे नावाचे दोन तुकडे पडतात. रिकामं असलं तर कंसात नुसतं मायनस एफ उरतं. एकटा शब्द म्हणजे ‘स्ट्रिंग रिकामी नाही’, म्हणून निकाल खरा. डॉलरच्या चिन्हासकट नाव अवतरणात घाला.

उत्तर २: दुहेरी चौकटी कंसात अवतरणाशिवायही भागतं. पण उबुंटूवर एसएच या कमांडने चालतं ते डॅश नावाचं वेगळं शेल, त्याला तो दुहेरी कंस कळत नाही. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशच लिहा.

उत्तर ३: मायनस एफऐवजी मायनस ई वापरू नका, ते फोल्डरलाही ‘आहे’ म्हणतं. शून्य बाइटची फाइल नको असेल तर सोबत मायनस एस जोडा. तुटलेली सिमलिंक (नसलेल्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) मात्र या तिघांना दिसत नाही, मायनस एलला दिसते. शिवाय तपासल्यावर, उघडण्याआधी दुसऱ्या प्रोसेसनं फाइल उडवली तर? उघडतानाची एरर पकडावीच लागते.