कॉलेज बेसबॉल: जास्त सामने जिंकणारा संघ यादीत खाली कसा?

अमळनेरचा कॅचर
अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलची एनसीएएची (तिथली कॉलेज क्रीडा संघटना) यादी बघतोय. ७५ टक्के सामने जिंकलेला संघ ६० टक्केवाल्याच्या खाली कसा? आणि हा हिशोब आपल्या आंतरमहाविद्यालयीन गटात चालेल का? तीन संघ बरोबरीत आले की भांडणं ठरलेली.

धुळे स्कोअरर
तो आरपीआय, भो, म्हणजे रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स. (पक्ष नाही!) स्वतःच्या विजयाची टक्केवारी २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांची ५०, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची २५. म्हणजे तुझ्या बॅटच्या हातात पाव हिस्सा, बाकी सगळं वेळापत्रकावर. करून बघ:
.७५०, .४४०, .४९० = .१८७५ + .२२० + .१२२५ = .५३०
.६००, .५५०, .५२० = .१५० + .२७५ + .१३० = .५५५
प्रतिस्पर्ध्याची टक्केवारी काढताना त्याचे तुझ्याविरुद्धचे सामने वगळायचे. नाहीतर त्याला हरवल्याचा दंड तुलाच बसतो. एक्सेलमध्ये नेमकं हेच राहून जातं.

भुसावळ जंक्शन
मैदानाचा भाग राहिला. २०१३ पासून घरचा विजय ०.७ आणि बाहेरचा १.३ धरतात; पराभवाला उलटं. घरी १०-५ (१० विजय, ५ पराभव) म्हणजे ७ विरुद्ध ६.५, टक्केवारी .५१९. बाहेर ८-७ म्हणजे १०.४ विरुद्ध ४.९, थेट .६८०! फेब्रुवारीत उत्तरेकडच्या मैदानांवर बर्फ असतो, ते संघ दक्षिणेत जाऊन खेळतात, म्हणून ही सोय. हे वजन फक्त पहिल्या पाव भागाला, म्हणजे स्वतःच्या टक्केवारीला लागतं.
वर्तमानपत्रांतले टॉप २५ वेगळे, ती मतं. राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांत कोण हे निवड समिती ठरवते, कॉन्फरन्स (कॉलेजांची लीग) विजेते मात्र थेट येतात. आणि यादी म्हणजे काही निकाल नव्हे: २००८ला फ्रेस्नो स्टेट विद्यापीठ आपल्या चार संघांच्या रीजनलमध्ये (स्पर्धेचा पहिला टप्पा) चौथं मानांकन घेऊन आलं आणि राष्ट्रीय विजेतं झालं.

धुळे स्कोअरर
आपल्या गटात आरपीआय नको. तीन-चार सामन्यांत सगळे एकमेकांशीच खेळलेले, आकडा निघेल पण अर्थ नाही. बरोबरी आधी आपसातल्या निकालावर सोडवा, मग टीक्यूबी (टीम क्वालिटी बॅलन्स): काढलेल्या धावा भागिले बॅटिंगचे डाव, वजा दिलेल्या धावा भागिले फिल्डिंगचे डाव. नुसता धावांचा फरक घेऊ नका. आघाडीवरचा यजमान शेवटचा अर्धा डाव खेळतच नाही, त्याचं नुकसान होतं.
आणि स्कोअरशीटवरचं ६.१ म्हणजे सहा डाव आणि एक बाद. कॅल्क्युलेटरला ६.३३३ द्यायचं, ६.१ नाही.