वेबसाइटचं पान किती रुंद ठेवावं? १३६६ की १९२०? (सोलापूर, चादर-टॉवेल होलसेल)

चाटीगल्लीकर:
नमस्कार मंडळी. आमचा सोलापुरी चादरी आणि टेरी टॉवेलचा होलसेल धंदा आहे. नवीन वेबसाइट करून घेतोय. ज्यांना काम दिलंय त्यांनी पहिला नमुना १९२० पिक्सेल रुंदीचा केला. दुकानातल्या मोठ्या मॉनिटरवर एकदम छान दिसतो. पण हुबळीच्या एका व्यापाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली, तर त्यांना अक्षर मुंगीएवढं दिसलं. मोठं करून वाचायला गेले की दर पाहायला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक फोनवरच बघतं. आता डिझायनर विचारतात, लॅपटॉपच्या मापाचं १३६६ करू का? की मोबाइलसाठी वेगळी साइट करू? वेगळ्या साइटचा खर्च वेगळा. गड्ड्याच्या यात्रेआधी साइट चालू व्हायला हवी. त्यांना नेमकी कोणती मापं सांगू?

सातरस्ता:
९६० पिक्सेलचं पान, मधोमध. आम्ही कायम तेच करत आलो, कुठेही कापलं जात नाही.

नक्षीवाली:
सातरस्ता, ९६० मागे चांगला हिशोब होता. बहुतेकांच्या स्क्रीन १०२४ बाय ७६८ असायच्या, स्क्रोलबार वगळून ९६० आरामात बसायचं, आणि त्याला १२ ने, १६ ने भाग जात असल्यामुळे रकाने पाडायला सोपं. त्याच्याही आधी ८०० बाय ६०० साठी ७६० ची पानं करत. पण २००७ च्या आयफोनची रुंदी ३२० होती. त्यावर ९६० चं पान कसं वाचणार? म्हणून २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली: पान एकच, पण ते स्क्रीनप्रमाणे पसरतं, आकसतं. त्यामुळे वेगळी मोबाइल साइट अजिबात करू नका. दर बदलला की दोन ठिकाणी बदलायचा, आणि एक दिवस एका ठिकाणी जुना दर राहून जाणार.

चाटीगल्लीकर दादा, मागावर पन्ना (कापडाची रुंदी) ठरला की कापड तेवढंच निघतं. वेबसाइटला असा ठरलेला पन्ना द्यायचाच नाही. त्यांना सांगा, रुंदी टक्क्यांत ठेवा आणि वर मर्यादा घाला, मॅक्स-विड्थ साधारण १२०० पिक्सेल. म्हणजे १९२० च्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहील, फोनवर पान कडेपर्यंत भरेल. खाली ३२० पर्यंत काहीही आडवं सरकता कामा नये. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या नियमावलीतही हाच ३२० चा आकडा आहे.

आणि मुंगीएवढ्या अक्षराचं कारण बहुतेक व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसणं हे आहे. तो नसेल तर फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेलचं किंवा त्याहून रुंद धरतो आणि सगळं आकसून दाखवतो. विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केलला १, एवढी एकच ओळ आहे. ती आहे का, आजच विचारा.

चाटीगल्लीकर:
ताई, फार आभार. विचारलं, ती ओळ खरंच नव्हती. पण एक कळलं नाही. माझ्या फोनच्या खोक्यावर १०८० बाय २४०० लिहिलंय. मग तो १३६६ च्या लॅपटॉपपेक्षा फार लहान कुठे झाला?

नक्षीवाली:
खोक्यावरचे पिक्सेल म्हणजे काचेवरचे खरे ठिपके. वेबसाइट मोजते ते सीएसएस पिक्सेल. अशा फोनवर बहुधा एका सीएसएस पिक्सेलला आडवे तीन ठिपके येतात, म्हणून १०८० भागिले ३, रुंदी ३६०. लॅपटॉपचंही तसंच. १९२० चा लॅपटॉप विंडोजमध्ये १२५ टक्क्यांवर ठेवला असेल तर साइटला १५३६ मिळतात, १५० टक्क्यांवर १२८०. म्हणून रिझोल्यूशन विचारून पानाचं माप ठरवण्यात अर्थ नाही.

फोटोंना मात्र ते ठिपके उपयोगी पडतात. चादरीची नक्षी, काठाची वीण गिऱ्हाइकाला स्पष्ट दिसायला हवी. ३६० च्या जागेत ३६० चाच फोटो टाकला तर वीण धुरकट दिसेल. एकाच फोटोच्या ४८०, ८००, १२०० अशा रुंदीच्या प्रती ठेवून एसआरसीसेट (या प्रतींची यादी ब्राउझरला देणारी सोय) वापरा, फोन आपल्याला हवी ती प्रत उचलतो. सगळ्यांना चार-चार एमबीचे फोटो पाठवू नका. माल बघणारा माणूस बाजारात उभा असतो, रेंज यथातथाच असते.

होटगीरोड:
यात दराचा तक्ता सगळ्यात जास्त त्रास देतो. माप, जीएसएम (कापडाचं चौरस मीटरमागे वजन), रंग, पॅकिंग, डझनाचा दर, हे सगळे रकाने ३६० मध्ये बसत नाहीत. फोनवर माप, जीएसएम आणि दर एवढंच दाखवा, बाकीचं टिचकी मारल्यावर. सगळे रकाने हवेतच असतील तर तक्ता त्याच्या स्वतःच्या चौकटीत सरकू द्या आणि मापाचा रकाना जागेवर धरून ठेवा. नाहीतर ६० बाय ९० चा दर ९० बाय १०० समजून ऑर्डर येते. गिऱ्हाइकाशी अशावरून वाद होतात, त्यामुळे यात हयगय नको.

अजून एक. मराठी मजकुराला ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

सातरस्ता:
लॅपटॉपच्या हिशोबाचं मला नवीन होतं. आमच्या जुन्या साइटही आता या पद्धतीने करून घेतो.

चाटीगल्लीकर:
नवा नमुना आला. हुबळीच्या व्यापाऱ्यांनी दर एका हाताने वाचले. दुकानातल्या संगणकावर ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करून पाहिली. साधारण ७०० ला वरचा मेनू दोन ओळींत मोडतो, 'एक्स्पोर्ट चौकशी' खाली घसरतं. आमचे डिझायनर म्हणतात ब्रेकपॉइंट, म्हणजे जिथे पानाची मांडणी बदलते ती रुंदी, ७६८ ला ठेवायची पद्धत आहे. ठेवू का?

नक्षीवाली:
७६८ ही जुन्या आयपॅडची उभी रुंदी, त्यावरून ती पद्धत पडली. चालेल, पण तुमचा मेनू ७०० ला मोडतो, तर त्याच्या थोडं आधी, ७२० ला तोडा. कन्नड आणि तेलुगू मेनू घालाल तेव्हा खिडकी परत ओढून बघा, शब्दांची लांबी बदलली की हा आकडाही बदलेल.