इन्फ्लमेशन : दाह, सूज की शोथ?

आमच्या मालवणात दम्याच्या शिबिराचं पत्रक लिहायला घेतलंय आणि गाडी एका वाक्यावर अडलीय, 'श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींमध्ये होणाऱ्या इन्फ्लमेशनवर जनुकांचा प्रभाव असतो'. यात इन्फ्लमेशनला काय लिहू? सूज लिहिलं तर एक आजी म्हणाल्या, "माजे पाय खय सुजलेत, माका नुसतो दम लागता!"

▪ दाह लिहा की, पुस्तकी शब्द तोच आहे.

▪ पुस्तकात ठीक हो, पण आपल्याकडे दाह म्हटलं की पित्त नाहीतर लघवीची जळजळ, लगेच कोणीतरी कोकमाचं आगळ पुढे करणार. शोथ पण नको, आयुर्वेदवाले सोडले तर तो कोणाला कळतो? 'आतून सूज' लिहा आणि पुढच्याच वाक्यात फोड करा, म्हणजे नळीचं अस्तर सुजतं, लाल होतं, चिकट कफ जास्त सुटतो आणि वाट अरुंद होते, म्हणून घरघर.

▪ वरच्या ताईंशी सहमत. पण माझं भांडण 'प्रभाव' शब्दाशी आहे, त्यातून काहीच कळत नाही. धूळ, बुरशी, व्हायरस काहीही आत गेलं की अस्तराची पेशी आधी शिमग्यासारखी बोंब ठोकते, म्हणजे टीएसएलपी, आयएल-३३ असली प्रोटीनं बाहेर सोडते, ती ऐकून रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि सूज चढते. ही बोंब कोणाच्या पेशीने किती लवकर आणि किती मोठ्याने ठोकायची यात जनुकांचा हात असतो. आयएल-३३ च्या जनुकातल्या फरकांचा दम्याशी संबंध सापडलाय. २००७ मध्ये १७ व्या गुणसूत्रावरचा एक भाग लहानपणीच्या दम्याशी जोडला गेला, तिथे ओआरएमडीएल३ नावाचं जनुक आहे आणि शेजारीच जीएसडीएमबी हे दुसरं, ज्याचं प्रोटीन पेशीच्या आवरणाला भोकं पाडू शकतं. टीएसएलपीला अडवणारं टेझेपेलुमॅब हे दम्यावरचं इंजेक्शन अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालं, तेव्हा हे नुसतं पुस्तकातलं नाही.

▪ मग 'जनुकांमुळे दमा होतो' असं सरळच लिहू का?

▪ नको नको, तसं वाचून आईबाप पोराचं नशीबच ठरलं म्हणून बसतील. 'कल' म्हणा. जनुकं सगळ्यांकडे तीच असतात, फरक असतो तो त्यांच्या डीएनएमधल्या एखाददुसऱ्या अक्षराचा, आणि तो फरक असूनही कित्येकांना आयुष्यात दमा होत नाही. त्या १७ व्या गुणसूत्राचंच बघा, लहानपणी घरात विडी-सिगारेटचा धूर असेल तर तिथला धोका जास्त ठळक दिसतो. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, गोधड्या कुबट होतात, ती बुरशी काढा हे पत्रकात जनुकांपेक्षा मोठ्या अक्षरात छापा.

▪ आणि 'अभिस्तर' (एपिथेलियमचा पुस्तकी शब्द) कुठे लिहिलं असेल तर खोडा, अस्तर पुरे. पिशवीचं अस्तर सगळ्यांना माहीत आहे.

▪ बरं, मग असं करतो : 'काही घराण्यांत श्वासनळीच्या अस्तराला आतून सूज येण्याचा कल जन्मतःच असतो, धूर, धूळ आणि बुरशीने ती सूज भडकते.' गुणसूत्रबिणसूत्र काढून टाकलं. भडकते की वाढते?

▪ भडकते. वाढते म्हटलं तर हळूहळू वाटतं, आणि अटॅक कधीकधी अचानकही येतो.