हरियल आणि वड: ही कविता नेमकी कोणाबद्दल?

दर्यापूरकर
चर्चेसाठी ही आठ ओळींची वऱ्हाडी कविता:

वड पिकला पिकला
आले हरियल दारी
भुई शिवत नाईत
त्यांची फांदीवर वारी
फळ खाऊन उडाले
बीज भितीत रायलं
कोन माय वडाची गा
कोनं पेरतां पायलं

कविता हाती आली की मध्यवर्ती कल्पना विचारायची, आणि उत्तर तयारच: वड म्हणजे आई, पाखरं म्हणजे शहरात गेलेली लेकरं. माझ्या मते हा अर्थ या कवितेत नाहीच. सातवी ओळ वडाची माय कोण ते विचारते. इथं वड लेकरू आहे! म्हणून शिकवताना कविता आधी दोनदा मोठ्यानं वाचा, टाळीवर आठ-आठ अक्षरं मोजा. मग नुसती क्रियापदं काढा आणि प्रत्येकासमोर कर्ता लिहा. 'रायलं'पाशी थांबा. बीज कोणी टाकलं नाही, ते राहिलं. रूपकाचं नाव त्यानंतर घ्या.

रानपाखरू
क्रियापदं मोजता, तसं पाखरूही नीट पाहा. कविता इथं चुकली आहे. हरियल आपला राज्यपक्षी, वडा-उंबराची फळं खाणारा, हे खरं. पण त्याची पेषणी, म्हणजे पोटातली दाणे दळणारी पिशवी, दणकट असते. वडाचं मोहरीहून बारीक बी तिच्यात बहुतेक दळूनच निघतं. वड पसरवतात ते बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, तांबट आणि रात्री वटवाघळं. त्यांच्या पोटातून बी अख्खं बाहेर पडतं. भुईचंही तसंच. हरियल पायात काडी धरून पाणी पितो, ही लोकांची समजूत. उन्हाळ्यात तो पाणवठ्यावर उतरतो. 'आले बुलबुल दारी' केलं असतं तर अक्षरंही आठच राहिली असती.

ओवीवाली
बुलबुल घातला की तिसरी ओळ मेली, कारण तो भुईवर सर्रास उतरतो. चौथीही गेली. हरियल फांदीवर कसा खातो ते आठवा: पिवळ्या पायांनी डहाळी घट्ट धरून पावलापावलानं पुढं सरकतो, पार उलटा लोंबकळून टोकाचं फळ ओढतो. वारी पायीच असते ना? तो शब्द उगाच आलेला नाही. आणि हिरव्या-पिवळ्या अंगाचा थवा पानांत दिसत नाही. खाली माणूस आला की सगळे गप्प. टपटप फळं पडायला लागली की कळतं, वर कोणीतरी आहे. 'कोनं पेरतां पायलं' हे अशा न दिसणाऱ्या पाखराबद्दलच शोभतं.

शिवाय हरियलानं वड पेरला, असं कविता म्हणते कुठं? पाचवी आणि सहावी ओळ शेजारी आहेत. जोड आपण लावतो.

रानपाखरू
'वारी'चं पटलं, तो शब्द माझ्या लक्षात आला नव्हता. जोडीचं पटत नाही. फळ खाऊन उडाले, बीज राहिलं, हे वाचून कोणतंही पोर कार्यकारणच लावणार. मग ते चूक आहे हेही त्याच तासाला सांगा.

दर्यापूरकर
सांगावंच. पण 'भित' सोडू नका. मढीच्या किंवा विहिरीच्या भिंतीतल्या भेगेत चिमूटभर धूळ आणि ओल असली तरी वड रुजतो. मग मुळं खाली मातीचा शोध घेत उतरतात, जाड होतात आणि दगड सरकवतात. रोप वितभर असतानाच मुळासकट काढलं तर ठीक. वरून छाटलं तर पुन्हा फुटतं. पण पुजायचं झाड, त्यावर कुऱ्हाड कोण चालवणार? माय कोण, या प्रश्नाला ही धार आहे. भिंत ढासळली तर जबाबदार कोणाला धरायचं?

झाडीपट्टी
'गा' सगळ्यांनी सोडला. हे बाईला घातलेलं संबोधन नाही, पुरुषाला आहे. म्हणजे शेजारी कोणी उभा आहे आणि प्रश्न त्याला विचारला आहे. पाठांतरात पोरं 'गा' गाळतात, मग ओळ सात अक्षरांची होऊन लंगडते.

रानपाखरू
माय शोधायचीच तर फळात शोधा. वडाचं फळ म्हणजे आत वळलेला फुलांचा गुच्छ. एक-दोन मिलिमीटरची माशी त्यात शिरते, तिच्याशिवाय बी धरत नाही. उन्हाळ्यात लाल झालेलं फळ ब्लेडनं उभं कापा, पोरांच्या हाती भिंग द्या. बारीक बिया दिसतील, नशीब असेल तर माशाही. ते पेरणंही कोणी पाहिलेलं नसतं.

ओवीवाली
फळ जरूर कापा, पण कविता वाचून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. आधी कापलं तर सातव्या ओळीला विचारायला काही उरत नाही.