पोर्तुगालची तटस्थता: लिस्बन वाचलं, तिमोर गेलं

खाडीकाठ
दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगालला तटस्थ ठेवलं म्हणून तिथला हुकूमशहा सालाझार याचं कौतुक होतं. मला ते अजिबात पटत नाही. आग्नेय आशियातल्या तिमोर बेटाचा पूर्व भागही पोर्तुगालचाच होता ना? डिसेंबर १९४१ मध्ये पोर्तुगालचा निषेध धुडकावून ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक तिथे उतरले. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांच्या मागावर जपानी आले. मग तीन वर्षं उपासमार, सूड, जाळलेली गावं. जेमतेम पाच लाख वस्तीतली किमान ४० हजार माणसं गेली असा अंदाज आहे. तटस्थ राहायचं का, हे त्यांना कुणी विचारलं होतं?

शिलेदार७
असहमत. युद्ध पुकारून तिमोर वाचलं असतं का? डच तर युद्धात होते, तरी बेटाचा त्यांचा अर्धा भाग जपान्यांनी घेतलाच. आणि १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मन फौजा स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतापर्यंत पोचल्या होत्या, मध्ये फक्त फ्रँकोचा स्पेन. एक चूक झाली असती तर लिस्बन संपलं असतं. ते बंदर उघडं राहिलं म्हणून हजारो निर्वासित अमेरिकेची बोट धरू शकले.

खाडीकाठ
त्या निर्वासितांचं श्रेय सालाझारला नको. जून १९४० मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोतले पोर्तुगीज वाणिज्यदूत सोसा मेंदिस यांनी सरकारचा हुकूम मोडून व्हिसे वाटले. त्यांच्यामागे चौकशी लावली, नोकरी गेली, शेवट हलाखीत झाला. आणि वोल्फ्राम? तोफगोळ्यांना लागणारा तो धातू जून १९४४ पर्यंत दोन्ही बाजूंना विकला. लिस्बनमध्ये मात्र लोक पावासाठी रांगेत.

मुरगावचो
गोव्याचं कुणी बोललंच नाही! एरेनफेल्स आणि आणखी दोन जर्मन जहाजं, एक इटालियन, १९३९-४० पासून आमच्या मुरगाव बंदरात अडकून होती. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेले इंग्रज एरेनफेल्सवर चढले. पेशाने व्यापारी-कारकून, अंगावर गणवेश नाही. कप्तान मारला गेला, खलाशांनी चारही जहाजं स्वतःच बुडवली. कार्निव्हालची रात्र होती. माझे आजोबा सांगायचे, पेटलेली जहाजं बघायला अख्खा गाव टेकडीवर आला होता, आणि युद्ध आपल्याकडे नाही असं तोवर सगळे म्हणत होते.

शिलेदार७
त्याच मुरगावात ऑक्टोबर १९४३ मध्ये काय झालं तेही सांगा. जपानी आणि अमेरिकन बाजूंनी अडकवलेल्या सुमारे दीड-दीड हजार माणसांची अदलाबदल झाली. एका बोटीतून उतरून दुसरीत चढले आणि घरी गेले. तटस्थ धक्का नसता तर हे कुठे जमलं असतं?

खाडीकाठ
हे मात्र मान्य, मनापासून. पण १९४४ मध्ये अमेरिकेला अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोरेस बेटांपैकी सांता मारियाचा तळ देताना सालाझारने तिमोर परत मिळवण्याच्या मोहिमेत वाटा मागितला. म्हणजे सौदा करायची ताकद होती. ती वापरली जमिनीसाठी, आणि तोवर माणसं मेली होती.