वकील मामांच्या डायऱ्यांमधल्या कवितांचं काय करावं?

प्रश्न (धरमपेठकर):
मामा गेले. जन्मभर दिवाणी वकिली केली, आधी जिल्हा कोर्टात मग हायकोर्टात. स्वतः एक ओळ लिहिली नाही पण दुसऱ्यांच्या कविता जिवापाड जपल्या. त्यांच्या कोर्टाच्या डायऱ्या मिळाल्या, वर त्या दिवसाच्या पेश्या आणि खाली उरलेल्या जागेत उतरवलेली कविता, अनिल, ग्रेस, सुरेश भट, असं वर्षानुवर्षं. मामी म्हणते त्यांच्या आठवणीत याचं पुस्तक छापून वाटू, मोठा भाऊ म्हणतो डायऱ्या विदर्भ साहित्य संघाला देऊन टाकू. काय करावं?

बर्डीवाला:
डायऱ्या कोणालाच देऊ नका भाऊ. त्यात अशिलांची नावं, कोणाच्या वाटणीचा वाद, कोणाच्या घरातलं भांडण, सगळं असेल. अशिलाचं बोलणं गुपित ठेवायचं बंधन केस संपली तरी वकिलावर राहतंच, जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६ होतं, आता साक्ष्य अधिनियमात १३२. ते गेले म्हणून आपण ते उघडं करावं असं मला तरी पटत नाही. आणि छापायचं म्हणाल तर कवी गेल्यावरही साठ वर्षं कॉपीराइट असतो, अनिल १९८२ ला गेले म्हणजे २०४२ संपेपर्यंत, भट २००३ आणि ग्रेस २०१२, ते तर अजूनच पुढे. वारसांची परवानगी काढावी लागेल. संघाला द्यायची तर कवितेची छापील पुस्तकं द्या.

जुनी ज्युनियर:
मी त्यांच्याकडेच शिकले, वाचून डोळे भरून आले. सरांचा जीव अनिलांवर, कारण तेही कायदा शिकलेले, न्यायखात्यात नोकरी केलेले आणि तरी मुक्तछंद, दशपदी असलं नवं करत राहिलेले. माझा पहिला मोठा ड्राफ्ट घेऊन गेले तर सरांनी तो बाजूला ठेवला, एक दशपदी पाठ म्हणून दाखवली आणि म्हणाले, दहा ओळीत आख्खा माणूस मावतो मग तुझ्या अशिलाचं म्हणणं इतक्या पानांत काहून पसरलं? रडायला आलं होतं तेव्हा, पण आजही ड्राफ्ट करायला बसले की आधी सरांसारखं मोठ्याने वाचते आणि मग काटते. बाररूममध्ये केस हरलेला कोणी दिसला की सर त्याच्याजवळ जाऊन बसायचे, केसबद्दल चकार शब्द नाही, हळूच एखादी कविता म्हणायचे. हे कोणत्याच शोकसभेत कोणी सांगितलं नाही म्हणून इथे लिहून राहिले.

धरमपेठकर:
ताई, हे आम्हाला घरी कोणालाच माहीत नव्हतं, मामीला वाचून दाखवलं. पुस्तक रद्द. डायऱ्या मामीच्याच कपाटात राहतील, मी फक्त कोणत्या तारखेला कोणती कविता याची यादी काढतो, पेश्या सोडून. मग घरीच वाचन ठेवू, त्यांच्या सगळ्या ज्युनियरना बोलवायचं आहे. दशपदी तुम्हीच म्हणा ना, आणि बाकीच्यांचे नंबर असतील तर मेसेज करा.